हाय-लिफ्ट कॅमशाफ्टनंतर वरच्या आरपीएमला अडखळणारे इंजिन: व्हॉल्व्ह स्प्रिंग मोजून कशी निवडावी

शेव्हरोलेच्या ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक इंजिनात ०.४८० इंच लिफ्टचा (म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडणारा) कॅमशाफ्ट बसवला, सोबत ‘परफॉर्मन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, व्हॉल्व्ह परत बंद करणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या, इंजिन पहिले काही दिवस झकास पळाले आणि मग ५,२०० आरपीएमच्या आसपास अडखळू लागले, ही तक्रार नवी नाही. त्यानंतरचा क्रमही ठरलेला असतो. आधी प्लग बदलले जातात, मग कार्बोरेटर उघडला जातो, शेवटी कोणीतरी स्प्रिंगा कमजोर असल्याचे सांगतो आणि त्याहून कडक स्प्रिंगा मागवल्या जातात. दोष थोडा वर सरकतो किंवा काही काळ नाहीसा होतो, आणि परत येतो तेव्हा एकटा येत नाही. निळा धूर, कॅमचा झिजलेला लोब (व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा) किंवा हेडमधून उपसून आलेला, रॉकरला धरणारा स्टड सोबत घेऊन येतो. अशा इंजिनांत स्प्रिंगा दोन-तीनदा बदललेल्या असतात, पण त्या किती उंचीवर बसल्या आहेत हे एकदाही मोजलेले नसते. दोष पुन्हा पुन्हा येण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

उदाहरणासाठी हेच इंजिन घेण्याचे कारण असे, की स्मॉल ब्लॉक १९५५ पासून आणि त्याची ३५० घनइंची आवृत्ती १९६७ पासून रस्त्यावर आहे, आणि त्यावर झालेल्या फेरफारांचा अनुभव इतर कोणत्याही इंजिनापेक्षा अधिक साचलेला आहे. त्यातही आपण एका विशिष्ट जोडणीबद्दल बोलू: जुन्या ३५० ब्लॉकवर बसवलेली व्होर्टेक नावाची सिलिंडर हेड. ही ओतीव लोखंडाची हेड १९९६ पासून जनरल मोटर्सच्या ट्रकांमधल्या एल-३१ इंजिनावर येऊ लागली. त्यांचे इनटेक पोर्ट चांगले आणि किंमत आवाक्यातली असल्यामुळे ती जुन्या, सपाट टॅपेटच्या (टॅपेट म्हणजे लोबवर टेकून पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह हलवणारा भाग) ब्लॉकवर सर्रास बसवली जातात. मूळ अवस्थेत या हेडमधली स्प्रिंग सुमारे ४३.२ मिलिमीटर उंचीवर बसते आणि व्हॉल्व्ह बंद असताना साधारण ३६ किलो भार देते. रिटेनर, म्हणजे लॉक नावाच्या पाचरींनी व्हॉल्व्हला अडकलेली स्प्रिंगवरची टोपी, खाली येताना गाईडवरच्या (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यावरच्या) सीलला टेकण्याआधी मिळणारी जागा सुमारे ०.४६० ते ०.४७५ इंच, म्हणजे ११.७ ते १२.१ मिलिमीटर लिफ्टपर्यंतच पुरते. ०.४८० इंचाचा कॅम म्हणजे १२.२ मिलिमीटर. तो या मर्यादेच्या किंचितच पलीकडे जातो, म्हणूनच इंजिन बांधताना काही अडत नाही आणि चालवताना अडते.

अमेरिकी स्प्रिंगांच्या तक्त्यांत उंची इंचांत आणि भार पौंडांत दिलेला असतो. पुढे स्प्रिंगची उंची आणि भार यांसाठी मिलिमीटर आणि किलो वापरले आहेत, इंचाला २५.४ ने आणि पौंडाला ०.४५४ ने गुणले की झाले.

दोष स्प्रिंगचाच आहे का?

हेड उघडण्याआधी हे ठरवणे आवश्यक आहे, कारण वरच्या आरपीएमला अडखळण्याची आणखी दोन कारणे नेहमीचीच आहेत. मोकळ्या ट्रॅकवर किंवा डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) इंजिन दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर नेऊन पाहावे. दोन्ही गियरमध्ये ते काट्याच्या त्याच आकड्यावर तुटत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या यंत्रणेवर घ्यावा. दुसऱ्या गियरमध्ये नीट चढून तिसऱ्यात काही सेकंदांनी बसत असेल, तर कार्बोरेटरचा फ्लोट बाउल (पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा होत आहे, म्हणजे पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे. दोष भारावर अवलंबून असेल, हलक्या थ्रॉटलवर तोच आरपीएम सहज पार होत असेल आणि प्लगची फट थोडी कमी केल्यावर फरक पडत असेल, तर तो ठिणगीचा दोष आहे, स्प्रिंगचा नाही. इनटेकला व्हॅक्यूम गेज जोडून इंजिन हळूहळू चढवले असता, आरपीएम वाढेल तशी काट्याची थरथरही वाढत जाणे ही कमजोर स्प्रिंगांची जुनी आणि अजूनही भरवशाची खूण आहे.

हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्यामुळे निदान हमखास चुकते. लोबच्या टोकावरून जाताना स्प्रिंगला व्हॉल्व्ह आणि रॉकर आवरता आले नाहीत, तर यंत्रणेत क्षणभर फट पडते. टॅपेट ती फट तेलाने भरून काढतो, आणि मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसूच शकत नाही. कॉम्प्रेशन जाते, इंजिन खाली आले तरी दोन-चार सेकंद खडखडत चालते आणि मग आपोआप सुधारते. हे पाहून टॅपेट खराब ठरवून नवे सोळा टॅपेट घातले जातात. टॅपेटने फक्त आपले काम केलेले असते. फट पडू दिली ती स्प्रिंगने.

झाकण काढल्यावर दिसणाऱ्या खुणा

रॉकरचे झाकण काढून प्रत्येक स्प्रिंगकडे टॉर्चच्या प्रकाशात तिरपे पाहावे. वेटोळ्यांच्या समोरासमोरच्या कडांवर चकचकीत, घासून उजळलेल्या रेषा दिसत असतील, तर पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांवर आदळत आहेत. रिटेनरच्या खालच्या पोटाला गोल ओरखडा आणि सीलचा वरचा ओठ चेपलेला किंवा फाटलेला असेल, तर रिटेनर सीलवर आपटत आहे, आणि सकाळी गाडी सुरू करताना येणाऱ्या निळ्या धुराचा उगम तोच आहे. अशा ठिकाणी सील कितीही वेळा बदलले तरी ते टिकणार नाही. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडता आला, तर पिस्टनच्या डोक्यावरच्या काजळीत व्हॉल्व्हच्या कडेने उमटवलेली चंद्रकोर शोधावी. ती स्वच्छ आणि उजळ दिसली, तर व्हॉल्व्ह नुकताच पिस्टनला भेटून आला आहे, आणि त्यानंतर ते इंजिन मोजमाप होईपर्यंत चालवू नये.

या हेडवर आणखी दोन जागा तपासण्यासारख्या आहेत. मूळ रॉकर हे व्हॉल्व्हच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लहान कडांवर सरळ राहतात. वेगळ्या उंचीचा रिटेनर किंवा लॉक घातले, की या कडा रिटेनरला टेकू लागतात. रिटेनरवर दोन समांतर खाचा दिसल्या तर समजावे, की लॉक निसटून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडण्याची तयारी सुरू आहे. दुसरी जागा म्हणजे दाबून बसवलेल्या रॉकर स्टडची. प्रत्येक स्टडच्या मुळाशी बारीक रेघ मारून ठेवावी. काही दिवसांनी रेघ हेडच्या पृष्ठापासून वर सरकलेली दिसली, तर वाढलेल्या भाराने स्टड उपसला जात आहे आणि तिथे आटे पाडून स्क्रूचे स्टड बसवण्याला पर्याय नाही.

पत्र्याच्या मूळ रॉकरमधली लांबट खाच हीसुद्धा विसरली जाते. पूर्ण लिफ्टला खाचेचे टोक स्टडला टेकत असेल, तर स्प्रिंग कितीही योग्य असो, काहीतरी वाकणार किंवा तुटणार. लोब पूर्ण वर असताना खाचेचे टोक आणि स्टड यांच्यामधून १.५ मिलिमीटर जाडीची तार सहज गेली पाहिजे.

उंची मोजणे

स्प्रिंग निवडण्याआधी करायचे खरे काम हे आहे, आणि त्याला अर्धा दिवस लागतो म्हणून ते टाळले जाते. हेड गाडीवरच असेल तर संबंधित पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्यावी, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह खाली पडत नाही. हवा नसेल तर त्याच भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये सरकवून पिस्टन हलकेच वर आणला तरी चालते. दोरीचे टोक मात्र बाहेर ठेवावे.

मग व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक स्प्रिंगशिवाय जोडावेत. रिटेनर हाताने वर ओढून लॉक पक्के बसू द्यावेत, आणि हेडवरच्या स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या ज्या पायरीवर बाहेरची स्प्रिंग टेकते तिथपर्यंतचे अंतर घ्यावे. बैठकीवर शिम (पातळ चकती) किंवा वाटी राहणार असेल तर ती ठेवूनच मोजावे. यासाठी स्प्रिंगच्या जागी बसणारा, फिरवून लांब होणारा मायक्रोमीटर मिळतो. तो नसल्यास टेलिस्कोपिक गेज आणि व्हर्निअर चालेल. पोलादी पट्टीने डोळ्यांदेखत एक मिलिमीटरची चूक होते आणि इथे एक मिलिमीटर फार मोठा आहे. सोळाही व्हॉल्व्हचे आकडे वेगवेगळे लिहावेत. ते सारखे येतील अशी अपेक्षा ठेवू नये, कारण सीट घासून कापल्या गेल्या असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा वेगळा आत बुडतो, त्याचे शेपूट वर येते आणि तिथली उंची वाढते. जुन्या ट्रकांच्या काही हेडांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर फिरवणारी जाड वाटी असते; तिथे एक्झॉस्टची उंची इनटेकपेक्षा ठळकपणे कमी भरते, आणि एकाच मापाच्या स्प्रिंगा सगळीकडे घालणे तिथे चुकते.

त्याच जोडणीत दुसरे मापही घेता येते. रिटेनरवर डायल गेज लावून शून्य करावे आणि हवा सोडून किंवा दोरी काढून रिटेनर सीलला टेकेपर्यंत व्हॉल्व्ह हळूच खाली ढकलावा. मिळालेल्या अंतरातून कॅमची प्रत्यक्ष लिफ्ट वजा केल्यावर किमान १.३ मिलिमीटर उरले पाहिजे. माझ्या मते दीड ठेवावे. व्होर्टेक हेडवर ते उरत नाही, म्हणून गाईडचे डोके खास कटरने उतरवून लहान सील बसवावे लागते. हे काम सरावाच्या मशीनिस्टकडून हेड सोडवूनच करून घ्यावे. स्प्रिंगची बैठक खोल किंवा रुंद कापण्याची सूचना आली तर दोनदा विचार करावा, कारण बैठकीच्या खाली पाण्याची जागा फार दूर नसते.

प्रत्यक्ष लिफ्टही खोक्यावरच्या कार्डावरून घेऊ नये. हायड्रॉलिक टॅपेट खऱ्या स्प्रिंगखाली दबतो, त्यामुळे मोजताना हाताने दाबली जाईल अशी हलकी तपासणीची स्प्रिंग लावून क्रॅंक फिरवावा आणि रिटेनरवरच्या डायल गेजचा आकडा घ्यावा. लोबची लिफ्ट ०.३२० इंच आणि रॉकरचे गुणोत्तर १.५ असेल, तर व्हॉल्व्हवर ०.४८० इंच येतात. नंतर कोणी हौसेने १.६ गुणोत्तराचे रॉकर बसवले, तर तोच कॅम ०.५१२ इंच, म्हणजे १३ मिलिमीटर देतो. कॅम बदललेला नसल्यामुळे स्प्रिंगचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि ०.८ मिलिमीटरची जागा गुपचूप खाल्ली जाते.

आकडे मांडून निवड

स्प्रिंगच्या तक्त्यातले चार आकडे कामाचे असतात: ठरलेल्या उंचीवरचा बंद भार, प्रति मिलिमीटर कडकपणा, सगळी वेटोळी एकमेकांवर टेकतात ती घट्ट उंची, आणि बाहेरचा व्यास. ‘अमुक लिफ्टपर्यंत योग्य’ हा छापील आकडा यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्यावरून काढलेला असतो, आणि तो तक्त्यातली उंची तुमच्याकडे असेल तरच खरा.

समजा, निवडलेली स्प्रिंग ४३.२ मिलिमीटरवर ५० किलो भार देते, तिचा कडकपणा प्रति मिलिमीटर ५.९ किलो आहे आणि घट्ट उंची २९.२ मिलिमीटर आहे. १२.२ मिलिमीटर लिफ्टला तिचा भार ५० अधिक ७२, म्हणजे १२२ किलो होतो, आणि तिची उंची ३१ मिलिमीटर राहते. घट्ट उंचीपासून १.८ मिलिमीटर अंतर उरते. किमान दीड मिलिमीटर हवे, म्हणजे हिशेब जमला. हायड्रॉलिक सपाट टॅपेटच्या रस्त्यावरच्या इंजिनाला बंद भार ४५ ते ५५ किलो आणि उघडा भार १२५ ते १४५ किलोच्या आसपास चालतो. हा उघडा भार खालच्या टोकाला किंचित कमी आहे, पण ५,५०० पर्यंतच्या कामाला मी तो स्वीकारीन आणि कॅमचे आयुष्य वाढवीन.

आता हीच स्प्रिंग सीट कापलेल्या हेडवर, न मोजता, ४४.७ मिलिमीटरवर बसली असे धरा. बंद भार ४१ किलोवर येतो. स्प्रिंग नवी, तक्ता बरोबर, तरीही भारात अठरा टक्के तूट; व्हॉल्व्ह सीटवर बसताना उड्या मारू लागतो. दीड मिलिमीटरची एक शिम एवढाच इथला उपाय आहे, शिमा ०.३८, ०.७६ आणि १.५२ मिलिमीटर जाडीच्या सहज मिळतात. उलट ती ४२ मिलिमीटरवर बसली, तर बंद भार ५७ किलो होतो, इंजिन हाताला खणखणीत लागते, आणि घट्ट उंचीपासूनचे अंतर फक्त ०.६ मिलिमीटर उरते. वेटोळ्यांवरच्या त्या चकचकीत रेषा इथून येतात. उंची कमी असेल तर शिमचा उपयोग नाही, १.२७ मिलिमीटर वर बसवणारे लॉक, वेगळ्या खोलीचा रिटेनर किंवा लांब व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी लागते. लॉक बदलताना कोन पाहावा. सात अंशांच्या रिटेनरमध्ये दहा अंशांचे लॉक हाताने बसल्यासारखे वाटतात आणि इंजिन चालू असताना निसटतात.

टर्बो किंवा सुपरचार्जर असल्यास बूस्टचा, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा जादा दाब इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो. या हेडचा इनटेक व्हॉल्व्ह १.९४ इंच व्यासाचा आहे. १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्टला त्याच्या पाठीवर सुमारे १३ किलो येतात आणि ते बंद भारातून सरळ वजा होतात. एवढी भर इनटेकच्या स्प्रिंगला आधीच द्यावी.

कडक स्प्रिंग हा उपाय का नव्हे

आरपीएम वाढला की व्हॉल्व्हला आवरण्यासाठी लागणारा भार आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५,२०० वरून ६,००० ला जायचे, तर तोच कॅम आणि तेच वजन असताना सुमारे ३३ टक्के जास्त भार लागतो. हे गणित पाहून जाड तारेची स्प्रिंग मागवावीशी वाटते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे वेटोळ्यांची संख्या आणि सरासरी व्यास तोच ठेवून तार पाच टक्के जाड केली तर कडकपणा साडेएकवीस टक्के वाढतो. पण घट्ट उंचीही तारेच्या जाडीवरच ठरते, ती २९.२ वरून ३०.७ मिलिमीटर होते, आणि आपल्या उदाहरणातले १.८ मिलिमीटरचे अंतर ०.३ वर येते. फ्लोट, म्हणजे व्हॉल्व्हचे कॅमच्या ताब्यातून सुटणे, थांबवण्यासाठी घातलेली स्प्रिंग अशा रीतीने स्वतःच अडसर बनते. ‘कडक घातली तरी पुन्हा तेच’ या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा याच एका ओळीत असते.

याशिवाय सपाट टॅपेट लोबवर घसरत असतो. लोबच्या टोकावर पडणारा उघडा भार रॉकरच्या गुणोत्तराने वाढून त्या अरुंद पट्टीवर येतो. व्हॉल्व्हवर १२२ किलो म्हणजे १.५ च्या रॉकरमुळे टॅपेटवर १८३ किलो. १६० किलो उघडा भार घातला, तर टॅपेटवर २४० किलो पडतात, आणि आजच्या बहुतेक हलक्या तेलांत सपाट टॅपेटला हवा तेवढा झिंक आणि फॉस्फरस नसतो. तेलांची प्रतवारी ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेच्या २००४ च्या एसएम वर्गापासून ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. अशा इंजिनाला झिंक जास्त असलेले तेलच वापरावे.

त्यामुळे भार वाढवण्याआधी वजन कमी करावे. इथे एक बारकावा आहे, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. पुशरॉडच्या बाजूचे भाग व्हॉल्व्हच्या दोन तृतीयांश अंतरच हलतात, आणि वजनाचा परिणाम त्या अंतराच्या वर्गाने मोजला जातो. म्हणून पुशरॉडमधला एक ग्रॅम स्प्रिंगला ०.४४ ग्रॅमएवढाच जाणवतो, तर रिटेनरमधला एक ग्रॅम पूर्ण एक ग्रॅम जाणवतो. पुशरॉड जाड भिंतीचा आणि थोडा जड घेतला तरी चालेल, उलट तो न वाकल्याने फायदाच होतो. रिटेनर आणि व्हॉल्व्ह मात्र हलके हवेत. वर निमुळती होत जाणारी बीहाइव्ह स्प्रिंग याच कारणाने उपयोगी पडते: तिचा रिटेनर लहान आणि हलका असतो. जनरल मोटर्सच्याच एलएस मालिकेतल्या इंजिनांत अशा स्प्रिंगा कारखान्यातून येतात. व्होर्टेक हेडवर योग्य व्यासाची बीहाइव्ह स्प्रिंग आणि तिचाच रिटेनर घेतल्यास सीलभोवतीची अडचणही थोडी सुटते.

तिचा दुसरा फायदा स्प्रिंगच्या स्वतःच्या कंपनाशी संबंधित आहे. दोन्ही टोके धरलेली स्प्रिंग तारेसारखी स्वतःच्या कंप्रतेने थरथरते. ही कंप्रता कडकपणा भागिले वजन यांच्या वर्गमुळाच्या निम्मी असते. आपली स्प्रिंग ९० ग्रॅमची धरली, तर ती सुमारे ४०० हर्ट्झ भरते. ६,००० आरपीएमला कॅम सेकंदाला ५० वेळा फिरतो, म्हणजे त्याचा आठवा गुणित बरोबर ४०० वर येतो, आणि नववा गुणित ५,३०० च्या जवळ येतो. या आकड्यांपाशी मधली वेटोळी लाटेसारखी वरखाली धावतात आणि बंद भार काही क्षणांसाठी तक्त्यापेक्षा खूप कमी होतो. स्प्रिंगमध्ये बसवलेली चपटी डँपर पट्टी घासून ही लाट मारते. दुहेरी स्प्रिंगची आतली स्प्रिंग वेगळ्या कंप्रतेची असल्याने तेच करते. बीहाइव्हमध्ये वेटोळ्यांचा व्यास बदलत जात असल्याने एकच कंप्रता ठळक होत नाही. डँपर अडचण म्हणून काढून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सोळा व्हॉल्व्हच्या, १,२९८ सीसीच्या जिप्सी किंगवर रॅलीसाठी कॅम बदलणाऱ्यांना हीच पद्धत लागू आहे. पुशरॉड नसल्याने वरचे ०.४४ चे गणित मात्र तिथे गैरलागू, आणि स्प्रिंगचे आकडे त्या इंजिनाचे स्वतःचे घ्यावेत.

बसवताना

नव्या स्प्रिंगा खोक्यातून काढून सरळ बसवू नयेत. स्प्रिंग टेस्टरवर प्रत्येकीचा भार ठरलेल्या उंचीवर तपासावा, टेस्टर नसल्यास हेडचे काम करणाऱ्या कारखान्यात तपासून घ्यावा, आणि कमी भार देणाऱ्या स्प्रिंगा हलक्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, जास्त भार देणाऱ्या जड इनटेक व्हॉल्व्हवर लावाव्यात. एखादी इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भरली, तर ती परत करावी. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर प्लॅस्टिसीनने किंवा डायल गेजने पाहावे. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर ही मी मान्य करतो ती खालची मर्यादा आहे. रॉकर लावताना टॅपेटचा प्रीलोड (त्याचा आतला दट्ट्या आधीच दाबून ठेवणे) शून्य फटीनंतर अर्ध्या आट्यापेक्षा फार पुढे नेऊ नये. जास्त प्रीलोड म्हणजे फट पडल्यावर वर उचलायला टॅपेटला जास्त जागा.

सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल, तर पहिल्या वीस ते तीस मिनिटांसाठी दुहेरी स्प्रिंगची आतली स्प्रिंग काढून ठेवावी, इंजिन सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर न्यावे, आणि ते निष्क्रिय गतीला सोडू नये, कारण लोबला तेल क्रॅंकने उडवलेल्या शिंतोड्यांतूनच मिळते. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदलून आतल्या स्प्रिंगा बसवाव्यात. कंटाळवाणे काम आहे, आणि नेमके तेच टाळल्यामुळे सर्वाधिक कॅम खराब होतात.

पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात नवी स्प्रिंग थोडी बसते आणि भार किंचित उतरतो. साधारण ८०० किलोमीटरनंतर झाकण काढून हेडवरच चालणाऱ्या टेस्टरने दोन-चार व्हॉल्व्हवर बंद भार पाहावा आणि सुरुवातीच्या कागदाशी ताडावा. दहा टक्क्यांहून अधिक उतरला असेल, तर शिमने तो भरून काढण्याऐवजी त्या स्प्रिंगा बदलाव्यात. एकदा दमलेली तार पुन्हा दमते. भार टिकून असेल, अंतरे मोजलेली असतील आणि तरीही इंजिन त्याच ५,२०० ला तुटत असेल, तर स्प्रिंगांना हात न लावता पुशरॉड टेबलावर लोळवून वाकलेले आहेत का पाहावे, रॉकरच्या खाचा पुन्हा तारेने तपासाव्यात आणि ठिणगीकडे परतावे. सगळे जुळल्यावरही रेव्ह लिमिटर (आरपीएमला मर्यादा घालणारी यंत्रणा) ५,५०० वरच ठेवावा, कारण वरच्या उदाहरणातली स्प्रिंग त्यापुढच्या कामासाठी निवडलेलीच नाही.